अक्का, बुफोर्ड हा रोग नव्हे

रविवारी सकाळी सव्वासहाला अक्काचा फोन आला. एवढ्या सकाळी तिचा फोन येतो तेव्हा भावकीतलं कुणीतरी गेलेलं असतं, म्हणून मी धसकूनच उचलला. माणूस कुणी गेलं नव्हतं. गेलं होतं ते लिगामेंट.

"पोराच्या खांद्यात लिगामेंटच नाही म्हणं गं. रिपोर्टात लिहून आलंय, दिसत नाही म्हणून. आणि तालमीच्या ग्रुपवर आलंय, एकवीस दिवसांत शिवलं नाही तर हात कायमचा गेला. आज अठरावा दिवस हाय. मी भिशी उचलतो आणि उद्याच पैसं भरतो बघ."

भाचा माझा १९ वर्षांचा. पहाटे उठून तालमीत जातो, एक दिवस खासबागेत उतरायचं एवढंच डोक्यात. अठरा दिवसांपूर्वी हौदात लढत करताना जोडीच्या पोरानं हात धरून पिळला आणि तेव्हापासून उजवा खांदा दुखतोय. खांदा निखळला नव्हता. सूज नव्हती. हात डोक्यावर नेताना कळ येते, एवढीच तक्रार. त्यावर कुणीतरी सुचवलं म्हणून एमआरआय काढला, आणि रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी वस्तादांच्या ग्रुपवर तो मेसेज पडला. योगायोग कसला, तो मेसेज महिनाभर कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडेच चार ठिकाणांहून आला, त्यातला एक आमच्या अपार्टमेंटच्या पाणी-वेळापत्रकाच्या ग्रुपवर.

मेसेज असा. खांदेदुखीवाल्यांनो, डॉक्टर सांगणार नाहीत ते वाचा. एक, देवाने सगळ्यांचे खांदे एकाच साच्यातून काढलेत, त्यामुळे रिपोर्टात एखादं लिगामेंट किंवा लॅब्रम 'दिसत नाही' असं आलं, की ते तुटलंय हे नक्की. दोन, खात्रीसाठी दुसऱ्या खांद्याचा एमआरआय काढा, दोन्हींत फरक दिसला की निदान पक्कं. तीन, २१ दिवसांत शिवून घ्या, नंतर लिगामेंट मरतं. चार, खांदा निखळला तर दवाखान्यात पैसे घालू नका, माणसाला आडवं करा, काखेत टाच रोवा, हात ओढा, खट् आवाज आला की बसला. पाच, रोज पायाचं सूप प्या, लिगामेंट नवं येतं. दहा जणांना पाठवा, एका पैलवानाचा खांदा वाचवा.

म्हणजे खांदा निखळला तर दवाखान्यात जायचं नाही, आणि निखळला नसेल तर मात्र धावत जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं. हे लिहिणाऱ्याला एकदा भेटायला पाहिजे.

मी सर्जन नाही, हे आधीच सांगते. मी २६ वर्षं मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शरीररचनाशास्त्र शिकवलं. माझे पेशंट सगळे देहदानाचे, त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण खांदे मी उघडून पाहिलेत, आणि 'एकाच साच्यातून' हे दोन शब्द ज्यानं लिहिले त्यानं एकही उघडून पाहिलेला नाही, हे मी शिक्का मारून देते.

तर तो पहिला मुद्दा. बाकीचे चार एका पारड्यात आणि हा एक दुसऱ्या पारड्यात, कारण याच्यापायी धडधाकट माणूस टेबलावर जाऊन पडेल.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याच्या हाडावरची वाटी उथळ. वाटी कसली, बशीच ती. बशीवर मोसंबं ठेवावं तसा प्रकार. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच. या बशीला कडेनं एक चिवट काठ असतो, लुगड्याला असतो तसा. तो लॅब्रम. सांध्याभोवती पिशवी असते, आणि पिशवीच्या पुढच्या भिंतीत तीन जाड पट्टे असतात. वरचं, मधलं आणि खालचं लिगामेंट.

हे पट्टे बाहेरून बघितले तर कळतच नाहीत. पिशवी मागच्या बाजूनं कापायची, गोळा बाजूला काढायचा आणि त्या मागच्या खिडकीतून पुढच्या भिंतीच्या आतल्या अंगाकडे बघायचं, तेव्हा कुठे ते उठून दिसतात. दरवर्षी हा डिसेक्शनचा दिवस आला की मला पोरांचे चेहरे बघायला मजा यायची. पुस्तक उघडून टेबलाशी उभी. पुस्तकात तीन पट्टे कसे आखून दिल्यासारखे. आणि मग कुणीतरी घाबरत यायचं, "मॅडम, आमच्या बॉडीत मधलं लिगामेंट नाही. आमच्याकडून चुकून कापलं गेलं काय?" नाही रे बाबा, कापलं नाही. नव्हतंच. शेजारच्या टेबलावर जा, तिथे पातळ पडद्यासारखं पसरलेलं दिसेल. त्याच्या पलीकडच्या टेबलावर पायजम्याच्या नाडीसारखं गोल आणि जाड. तिन्ही माणसं आयुष्यभर हात हलवत जगली.

तिघांत सगळ्यात लहरी हे मधलं लिगामेंट. खालचं त्यामानानं शहाणं, ते बहुधा जागेवर सापडतं, आणि हात वर नेऊन बाहेर वळवला की गोळ्याला पुढे घसरू न देण्याचं मुख्य काम तेच करतं. पुस्तकातलं चित्र हे पुष्कळ माणसं बघून काढलेलं एक सोयीचं चित्र असतं. आमच्या आईच्या हातची कांदा-लसूण चटणी आणि समोरच्या काकूंची, दोन्हींची चव वेगळी, म्हणून काकूंची बिघडली असं आपण म्हणत नाही. खांद्यातला हा वेगळेपणा वैद्यकाला ठाऊक नव्हता असंही नाही. डीपाल्मा नावाच्या अमेरिकी हाडांच्या डॉक्टरनं सहकाऱ्यांबरोबर १९४९ सालीच या पुढच्या भिंतीतल्या कप्प्यांच्या मांडणीचे सहा प्रकार नोंदवून ठेवलेत. मेसेजवाला पाऊणशे वर्षं मागे आहे.

आता भाच्याच्या रिपोर्टाकडे. अक्कानं मला फोटो पाठवला तो फक्त वरच्या दोन ओळींचा. 'पुढच्या-वरच्या भागातलं लॅब्रम दिसत नाही.' बस्स, एवढ्यावर भिशी उचलायची तयारी. मी म्हटलं, सगळं पान पाठव. खालच्या ओळीत त्या रेडिओलॉजिस्टनं नीट लिहिलं होतं की मधलं लिगामेंट दोरीसारखं जाड आहे, हा बुफोर्ड कॉम्प्लेक्स दिसतो, नेहमीच्या रचनेतला एक प्रकार. ज्यानं रिपोर्ट लिहिला त्यानं काम चोख केलं होतं.

मी हे सांगितल्यावर अक्काचा आवाज आणखी उतरला. "कॉम्प्लेक्स? म्हणजे आता आणि हे पण झालंय?"

बुफोर्ड हे एका अमेरिकी डॉक्टरचं आडनाव आहे. विल्यम्स, स्नायडर आणि बुफोर्ड या तिघांनी १९९४ साली 'आर्थ्रोस्कोपी' या नियतकालिकात एक निबंध छापला. दुर्बिणीतून केलेल्या २०० खांद्यांच्या तपासण्या त्यांनी पुन्हा बारकाईनं पाहिल्या. बशीला घड्याळाची तबकडी समजा, १२ वरच्या बाजूला, आणि उजव्या खांद्यात ३ छातीच्या बाजूला. त्यांचं लक्ष होतं १ ते ३ या तुकड्यावर. १२ टक्के खांद्यांत तिथे काठ बशीला चिकटलेलाच नव्हता, खाली आरपार फट होती. आणि १.५ टक्के खांद्यांत, म्हणजे दोनशेतल्या तिघांत, त्या जागी काठच नव्हता, आणि मधलं लिगामेंट जाड दोरीसारखं होऊन थेट वरच्या काठाला, बेंडकुळीच्या स्नायूचा दोर जिथे रुजतो तिथे जाऊन मिळालेलं होतं. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी नाव दिलं बुफोर्ड कॉम्प्लेक्स. निबंधाच्या नावातच लिहून ठेवलंय की ही नॉर्मल रचना आहे. तालमी, जिम आणि क्रिकेटची पोरं धरली तर या गावात असे खांदे घेऊन हिंडणारे कितीतरी निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधी कळणार नाही.

हा निबंध लिहायची त्यांना गरज का वाटली, ते मेसेजवाल्यानं कान उघडून ऐकावं. एमआरआयच्या पडद्यावर आणि दुर्बिणीतूनही हा खांदा बघणाऱ्याला फसवतो. बशीची कड उघडी, पुढे एक दोरी लोंबतेय, अनुभव कमी असेल तर वाटणारच की काठ तुटून सुटा झालाय. मग हाडात अँकर, म्हणजे टाका धरणारा खिळा, मारायचा आणि ती दोरी बशीच्या कडेला शिवून टाकायची. ऑपरेशन झकास, टाके झकास, आणि पेशंटचा हात कायमचा जखडलेला. कारण ती दोरी गोळ्याच्या पुढून तिरकी जाते. हात बाहेर वळवला की तिला सैल सुटायला जागा लागते. तीच तुम्ही हाडाला खिळवलीत तर हात फिरणार कुठून? असं चुकून शिवलं तर खांदा फिरवण्यावर आणि वर उचलण्यावर वेदनादायक बंधन येतं, असा स्पष्ट इशारा त्या निबंधात आहे. ऑपरेशनआधी पोराला हात वर नेताना कळ येत होती, ऑपरेशननंतर हात वर जाणारच नाही. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन फेटा बांधून बघा, म्हणजे खांदा बाहेर वळणं काय चीज आहे ते कळेल. पैलवानाचं तर विचारूच नका.

म्हणून जाणता सर्जन त्या तुकड्यात हात घालण्याआधी दहादा बघतो. कड गुळगुळीत आहे की चिंध्या झालेली? रक्ताळलेली, भरत आलेल्या जखमेची खूण आहे का? दोरी वर काठाला सलग जाऊन मिळते का? आणि मुख्य म्हणजे घड्याळात किती वाजलेत? १ ते ३ मध्ये काठ सुटा किंवा गायब असेल तर आधी 'जन्मजात असेल' हा विचार. ३ च्या खाली, ६ पर्यंत, काठ सुटलेला असेल तर मात्र ती बहुधा खरी इजा, खांदा पुढे निखळला की होते ती. तिला बँकार्टची इजा म्हणतात. ही शिवायची असते, आणि ती शिवणारे हात कोल्हापुरात चांगले आहेत. पण वाजले किती हे न बघता सुई घेऊन धावणं हा वेगळा धंदा.

खांद्यातल्या इतर लिगामेंटांचंही तेच. फऱ्याच्या हाडाच्या वरच्या कडेला एक छोटी खाच असते, तिच्यावर एक आखूड लिगामेंट पुलासारखं टाकलेलं. पुलाखालून नस (मज्जातंतू) जाते, वरून धमनी, असं आम्ही पोरांकडून घोकून घ्यायचो. आणि मग टेबलावर तो पूल कुठे दोन पदरी निघायचा, कुठे त्याचं पूर्ण हाड झालेलं असायचं, खाच नाहीच, भोक. १९७९ साली रेंगाचारी आणि सहकाऱ्यांनी या खाचेचे सहा प्रकार पाडलेत. नस तिथे आवळली जाते तेव्हा तो पूल कापावा लागतो, आणि कधीकधी धमनी घोकंपट्टीतला नियम मोडून पुलाखालूनच गेलेली सापडते. कात्री चालवणाऱ्याला हे माहीत नसेल तर काय होईल, सांगायला नको. मोटारसायकलवरून खांद्यावर पडलेल्या माणसाची हासळी वर उचलली जाते, तेव्हा तिला खाली धरून ठेवणारी दोन लिगामेंटं पुन्हा बांधताना हासळीत भोकं कुठे पाडायची हेही प्रत्येक माणसाच्या हाडावर बघून ठरवावं लागतं, पुस्तकातला सेंटिमीटर मोजून भागत नाही. फरक माहीत असणं हे सर्जनच्या हत्यारांपैकी एक आहे. मेसेजवाला नेमकं तेच हत्यार काढून घ्यायला निघालाय.

एक गोष्ट मनाविरुद्ध कबूल करते. असे वेगळे खांदे अगदीच निरुपद्रवी असतात, असं मी म्हणणार नाही. पुढचा-वरचा काठ नसलेल्या किंवा सुट्या असलेल्या खांद्यांत वरच्या काठावर ताण जास्त येतो आणि तिथे झीज किंवा इजा जास्त सापडते, असं दुर्बिणीतून केलेल्या काही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे भाच्याच्या खांद्यात दुखण्याचं कारण त्याच परिसरात असूही शकतं. पण ते शोधायला हात लावून तपासावं लागतं, आणि सापडलं तर ते दुरुस्त करायचं. जे मुळात नव्हतंच ते शिवत बसायचं नाही.

दुसरा मुद्दा, दुसऱ्या खांद्याचा एमआरआय. अहो, एकाच मृतदेहाचा डावा आणि उजवा खांदा मी शेजारीशेजारी उघडलाय. एकीकडे मधलं लिगामेंट नाडीसारखं, दुसरीकडे नावाला. दोन्ही बाजू सारख्या असतातच असा नियम नाही, त्यामुळे फरक दिसला की निदान पक्कं हे साफ खोटं. आणि एमआरआयमध्ये काही दिसलं म्हणजे तेच दुखतंय हेही खोटं. शेर आणि सहकाऱ्यांचा १९९५चा अभ्यास याबाबतीत प्रसिद्ध आहे. खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले, तर ३४ टक्क्यांत खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे दोर थोडेफार किंवा पूर्ण फाटलेले दिसले. साठीपुढच्यांत तर ५४ टक्के. या मेसेजच्या हिशोबानं रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या आजोबांना आत घ्यावं लागेल.

तिसरा, २१ दिवस. हा आकडा कुठून उचललाय याचा मला अंदाज आहे, आणि इथे अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त राग येतो. निखळलेला खांदा तसाच राहिला, कुणी बसवलाच नाही, तर साधारण तीन आठवड्यांनंतर तो बाहेरून ओढून बसवणं फार अवघड होतं, उघडून बसवायची वेळ येऊ शकते. खरं आहे. पडून-आपटून खांद्याच्या स्नायूचा दोर पूर्ण तुटला असेल, हात एकाएकी उचलताच येईना, तर महिनोन्महिने चोळत बसू नये, हेही खरं. आणि विशी-बाविशीच्या पोराचा खांदा एकदा खरोखर निखळला, तर पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. पुन:पुन्हा निखळून बशीची कड घासत जाते, मग नुसतं शिवून भागत नाही. तेव्हा कुस्तीतल्या पोरानं पहिल्याच वेळी हाडांच्या डॉक्टरकडे जावं, हे मी वस्तादांनाही सांगते. पण जन्मजात दोरीसारखं असलेलं लिगामेंट २१व्या दिवशी मरतं, हे शोधून काढणाऱ्याला हार घालायला पाहिजे.

चौथ्या मुद्द्यावर थांबते, कारण यात हात जातो, आणि हे आपल्याकडे खरोखर चालतं. तालमीत, शेतात, क्रिकेटच्या मैदानावर. खांदा निखळला, चार जण जमले, एकानं काखेत टाच दिली, दुसऱ्यानं हात ओढला. टाच देऊन ओढायची रीत अडाण्यांनी काढलेली नाही, ती हिपोक्रेटिसच्या नावानं ओळखली जाते, दोन हजार वर्षांहून जुनी आहे. बसतोही कधीकधी. त्यामुळेच ज्याचा बसला तो जन्मभर सांगत सुटतो.

ज्याचा बसत नाही तो सांगायला येत नाही. खांद्याच्या सांध्याच्या अगदी खालून, दंडाच्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. खांद्याचा बाहेरचा गोलाकार स्नायू तिच्यावर चालतो, आणि दंडाच्या वरच्या बाजूला बाहेरून जी त्वचा आहे, एनसीसीच्या पोरांचा बिल्ला लागतो तिथली, तिची संवेदना तीच नस वाहते. खांदा निखळतानाच ही नस ताणलेली असू शकते. म्हणून डॉक्टर खांदा बसवायच्या आधी आणि नंतर त्या जागी बोट फिरवून विचारतो, कळतंय का? मनगटाची नाडी बघतो. एक्स-रे काढतो, कारण दंडाच्या हाडाची मान मोडलेली असेल आणि तुम्ही टाच देऊन ओढलंत तर गोळा एकीकडे आणि दंड एकीकडे. वय झालेल्या माणसाच्या ठिसूळ हाडात तर ओढण्यानंच मोडू शकतं. स्नायू सैल पडायला औषध देतो, मग अलगद, जोर न लावता बसवतो. 'खट् आवाज' हे यशाचं लक्षण म्हणून मेसेजात दिलंय. हाड मोडतानाही खट्च आवाज येतो.

आणखी एक. शेतातल्या मोटारीचा शॉक लागला किंवा फिट आली, आणि त्यानंतर हात आत वळलेला राहिला, बाहेर वळवताच येईना, तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. तो बाहेरून फारसा वाकडा दिसत नाही, म्हणून भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. त्याला काखेत टाच देऊन बघा म्हणजे झालं. खांदा निखळला तर हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्या स्थितीत कापडानं गळ्यात बांधा, पोटात काही घालू नका कारण भूल द्यावी लागू शकते, आणि गाडीत घाला. सरकारी दवाखान्यात न्या, खासगीत न्या, कुठेही न्या, पण न्या.

पाचवा, पायाचं सूप. प्या की. थंडीत तर प्याच, वर पांढरा रस्साही घ्या. पोटात गेल्यावर त्याचे साधे प्रथिनांचे तुकडे होतात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं. बोकडाच्या पायातलं लिगामेंट पत्ता शोधत तुमच्या खांद्यात येऊन बसत नाही. पुढे जाऊ.

भाच्याला मी मंगळवारी ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. अक्का सोबत होती, पर्समध्ये भिशीचं पाकीट, आणि 'शिवाच' म्हणायच्या तयारीत. डॉक्टरांनी रिपोर्ट आधी वाचलाच नाही, बाजूला ठेवला. पोराला झोपवून हात आडवा घेतला, कोपर वाकवून हळूहळू बाहेर वळवला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खांदा सैल असला की या क्षणी माणूस दचकतो, आता निखळणार म्हणून हात आवळून घेतो. आमचं पोरगं छताकडे बघत पडलं होतं. मग स्नायूंची ताकद बघितली, एका ठिकाणी कळ सापडली, हात वर उचलणाऱ्या स्नायूच्या दोराशी. ताणलेला, फाटलेला नाही. त्यानंतर त्यांनी रिपोर्ट उचलला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि बुफोर्डच्या ओळीवर पेनानं बरोबरची खूण केली. सहा आठवडे हौदात उतरायचं नाही, रबरी पट्ट्याचे व्यायाम, मग पुन्हा दाखवायचं. पुढे कधी खांद्यात दुर्बीण घालायची वेळ आलीच तर हा कागद आधी दाखवायचा, जपून ठेवा, असं दोनदा सांगितलं.

बाहेर येऊन चपला घालताना अक्का अजून घुश्शातच होती. "काही झालंच नव्हतं तर रिपोर्टात 'नाही' असं लिहायचं कशाला म्हणते मी?"

"नाहीये म्हणून, अक्का."